सगळ्यांना गेलेली मेल

सुमैरा शेख भित्री आहे हे नगरजवळच्या भिंगारच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पालीला भ्यायची, मोकाट जनावराला भ्यायची, बँकेत आपली सही जुळणार नाही म्हणून भ्यायची. घरात तिची थट्टा चालायची आणि तीही हसून सोडून द्यायची. पण ही सगळी फुकटची भीती होती, कारण तिच्यात आपलं काही चुकलेलं नसतं. आपल्या हातून झालेल्या चुकीपायी दुसऱ्याचा जीव जाईल ही भीती तिला सत्ताविसाव्या वर्षी, एका गुरुवारी सकाळी पावणेदहाला कळली. त्यानंतर तिची थट्टा करायचं कुणाला सुचलं नाही.

भिंगारच्या जुन्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर, मालनबाईंची संस्था होती. दोन खोल्या, एक माठ, सहा खुर्च्या. मालनबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर त्यांनी 'जिन्यावरून पडले' म्हणणाऱ्या बायकांच्या जखमा बांधल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्या जिन्याचाच बंदोबस्त करायचा असं ठरवलं. दर गुरुवारी एक वकीलबाई यायच्या आणि घरी मार खाणाऱ्या, घर सोडलेल्या, सोडावं की नाही अशा कात्रीत सापडलेल्या बाया जिल्हाभरातून त्यांना भेटायला यायच्या. सुमैरा तिथलं कॉम्प्युटरचं काम बघायची. केसच्या नोंदी, तारखा, निरोप, या सगळ्यासाठी तिने स्वतः एक ॲप्लिकेशन बनवलं होतं आणि ते क्लाउडवर ठेवलं होतं. मालनबाईंनी क्लाउड म्हणजे काय ते विचारलं तेव्हा तिने सांगितलं, दुसऱ्या गावातला भाड्याचा कॉम्प्युटर, आपण इथून चालवायचा. मालनबाईंना ते पटलं. भाड्याचं असलं तरी चालतंय ना, मग झालं.

निरोप जायचे मेलवर. यात एक युक्ती होती आणि ती बायांनीच शोधून काढलेली. फोन केला की नवरा विचारतो कुणाचा, मेसेज आला की सासू कुणाकडून तरी वाचून घेते, व्हॉट्सॲप तर घरातली पोरंटोरंही उघडतात. पण मेल? खेड्यात मेलचा पत्ता लागतो तो मोबाईल सुरू करायला आणि योजनेचा फॉर्म भरायला. एकदा भरला की तो पत्ता कुणाच्या स्वप्नातही येत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच सुमैरा प्रत्येकीला नवा पत्ता काढून द्यायची. नाव तिचं तिने निवडायचं, कुणाला ओळखू येणार नाही असं. वकीलबाईंच्या भेटीला मेलमध्ये 'शिवणवर्ग' म्हणायचं. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग केसेस वाढल्या. ॲप्लिकेशन एकेकीला वेगळी मेल पाठवायचं आणि त्याला वेळ लागायचा. भाड्याचा कॉम्प्युटर काही मिनिटं वाट बघायचा आणि काम अर्धवट सोडून मोकळा व्हायचा. पुढच्यांना निरोप मिळायचा, मागच्या राहायच्या. एका गुरुवारी अशी एक बाई जामखेडहून आली आणि बंद दाराशी चार तास बसून परत गेली. ते सुमैराच्या जिवाला लागलं. शनिवारी तिने बदल केला: सगळे पत्ते एका यादीत गोळा करायचे आणि एकच मेल सगळ्यांना एकदम सोडायची. स्वतःच्या आणि मालनबाईंच्या पत्त्यावर पाठवून पाहिली. क्षणात दोघींना मिळाली. मालनबाईंनी शाबासकी दिली, खालून भजी मागवली. मेलच्या डोक्यावर दोघींचेही पत्ते शेजारी शेजारी दिसत होते, पण दोघी एकमेकींसमोरच बसल्या होत्या, त्यात लपवण्यासारखं काय होतं? कुणाच्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी वकीलबाईंना कोर्टात उशीर होणार होता. नऊ वाजता सुमैराने मेल सोडली: आजचा शिवणवर्ग अकराऐवजी एक वाजता. पडद्यावर आलं की चौसष्ट पत्त्यांवर गेली. चौसष्ट हा आकडा पाहून ती थबकायला हवी होती, कारण संस्थेत येणाऱ्या बाया होत्या एक्केचाळीस. पण ती चहा करायला उठली.

पावणेदहाला उत्तर आलं.

"चिमा कोण ते मला ठाव हाय. वर्ग कुठं हाय? मी पन येतो."

खाली नाव होतं कल्याण.

सुमैराने ते दोनदा वाचलं आणि मग यादी उघडली.  काही केसेसमध्ये सुरुवातीला समेटासाठी नवऱ्यांनाही बोलावलं जायचं, आणि त्यांचेही पत्ते त्याच केसमध्ये नोंदलेले असायचे. तिच्या नव्या यादीने केसमधले सगळे पत्ते उचलले होते. एक्केचाळीस बायका आणि तेवीस नवरे. प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसत होता. नवऱ्यांपैकी बहुतेक जण मेल उघडायचे नाहीत, पण कल्याण टेम्पो चालवायचा, त्याच्या मालाची कागदपत्रं मेलवर यायची. तो दिवसातून दहा वेळा मेल बघायचा.

चिमा म्हणजे रुपाली. तिला तिचे वडील लहानपणी चिमा म्हणायचे. वडील वारले, हाक संपली, म्हणून तिने ते नाव निवडलं होतं. ते नाव नवऱ्याच्याही कानावर आहे का, हे सुमैराने विचारलं नव्हतं आणि रुपालीने सांगितलं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी ती राहुरीहून, अंगावरच्या साडीनिशी, दोन तुटलेल्या बरगड्या घेऊन निघाली होती. घर सोडून गेलीस आणि सापडलीस तर मुळा धरणात टाकीन असं कल्याणने तिला सांगितलं होतं, आणि ते त्याने रागाने नव्हे, जेवताना शांतपणे सांगितलं होतं. तेव्हापासून ती बेलापूरला साळूबाई नावाच्या लांबच्या मावशीकडे लपून होती. कल्याणला ही मावशी असल्याचं माहीत होतं, ती कुठे असते हे माहीत नव्हतं. रुपालीच्या मोबाईलमध्ये सिमकार्ड नव्हतं. शेजारच्या मास्तरांच्या घरचं वायफाय मिळेल तेव्हा ती मेल बघायची, एवढाच तिचा जगाशी संबंध.

आज ती नगरला येणार होती. एक वाजता ती या जिन्यापाशी येईल आणि जिन्याखाली टेम्पो उभा असेल. शिवणवर्ग म्हणजे ही संस्था हे ओळखणं कल्याणला काय अवघड होतं, समेटाला तो इथेच तर येऊन बसला होता.  सुमैराला फक्त एकच दिसत होतं, की रुपालीला अडवायला हवं, आत्ताच्या आत्ता. समोर उघडलेल्या त्या मेलखालीच तिने लिहिलं: रुपाली, आज नगरला येऊ नकोस. बेलापुरातच थांब. मावशीच्या घरातून बाहेर पडू नकोस. आणि पाठवून दिलं.

मालनबाई तेवढ्यात जिना चढून आल्या. सुमैराने रडत रडत सगळं सांगितलं, शेवटी म्हणाली की आपण रुपालीला कळवलंय, ती येणार नाही. मालनबाईंनी चष्मा लावला आणि पडद्यापाशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"सुमैरा," त्या म्हणाल्या, "हे तू कुणाकुणाला पाठवलंस?"

सुमैराने पाहिलं. चौसष्ट. पत्त्यांच्या त्या ओळीत रुपाली होती एवढंच तिने पाहिलं होतं. त्याच ओळीत कल्याणही आहे हे तिच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. पाच महिने ज्या गावाचं नाव दोघींनी वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं, ते तिने रुपालीच्या नवऱ्याला स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.  

भाड्याचा कॉम्प्युटर बंद करता आला, तो तिने केला. गेलेली मेल परत बोलावता येत नव्हती.

मालनबाईंची जुनी गाडी होती आणि ती चालवायची त्यांची एक पद्धत होती, जिच्यामुळे एरवी त्यांच्या शेजारी बसायला कुणी धजत नसे. त्या दिवशी सुमैरा बसली आणि तिला गाडी रांगतेय असं वाटलं. मालनबाईंनी निघताना पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो, घर कुठलं, असं तिकडून विचारलं. साळूबाईंचं घर, नदीकडच्या आळीत, याहून जास्त दोघींना ठाऊक नव्हतं. साळूबाईंकडे फोन नव्हता. मास्तरांचं आडनावही माहीत नव्हतं. दोन वर्षं इतकं सगळं जपून गुप्त ठेवलं होतं, की आता वेळेला कुणाचा पत्ता कुणालाच लागेना.

विळद घाट उतरताना सुमैराने हिशेब मांडला. नगरहून बेलापूर सव्वा तास, राहुरीहून पाऊण. कल्याण नगरच्या कांदामार्केटला असेल तर आत्ता वाटेत असेल. राहुरीलाच असेल तर पोहोचतही आला असेल. मांडीवरचा मोबाईल सारखा वाजत होता. यादीतल्या बाया मेल उघडत होत्या. एकीने लिहिलं होतं, माझं नाव काढा. एकीने, हे एवढे सगळे कोण आहेत? एका पुरुषाने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं. प्रत्येक उत्तर पुन्हा चौसष्ट जणांना जात होतं आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, की हे कल्याणचं असेल. त्याचं काही आलं नाही. तेच तिला जास्त भयंकर वाटलं, कारण जो वाटेत असतो तो लिहीत बसत नाही.

राहुरी ओलांडली, पुढे साखर कारखान्याच्या फाट्यावरून गाडी आत वळली. उसाच्या ट्रॉल्यांमागे दोनदा अडकली. तिला आपल्या आईची, अल्लाची, कुणाकुणाची आठवण झाली आणि एकही प्रार्थना नीट शेवटापर्यंत म्हणता आली नाही. मालनबाई तिच्याशी एकदाच बोलल्या. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, की चूक तुझी एकटीची नाही, भजी मीही खाल्ली होती. सुमैराला त्यावर आणखी रडू आलं.

नदीकडच्या आळीत शिरल्या तेव्हा साडेअकरा झाले होते, आणि आळीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता.

घर विचारावं लागलं नाही. एका घराबाहेर पाचसात बाया कडेला उभ्या होत्या आणि कुणी आत जात नव्हतं. उंबऱ्यावर साळूबाई बसली होती, पदर तोंडाला लावून. आत खाटेवर कल्याण बसला होता. तांब्यातून पाणी पीत होता. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. खोलीतली पत्र्याची पेटी उलटी पडली होती, त्यातल्या साड्या खाली होत्या, पण त्याच्या चेहऱ्यावर राग असा काही नव्हता.

"या म्याडम," तो म्हणाला. "तुमचीच वाट बघत व्हतो. तुमी लिवलं घरातून भाईर पडू नको, आन ती तर घरात न्हाई. कुठं हाय?"

सुमैराला ते माहीतच नव्हतं. रुपाली मेली की काय, हा विचार डोक्यात आला आणि तिथेच बसला. साळूबाई उंबऱ्यावरून पुटपुटली, की धा वाजता नळाला पानी भराया गेल्ती, हंडा आला न्हाई का पोरगी आली न्हाई. मालनबाई दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, दवाखान्यातल्या वॉर्डात उभ्या राहत तशा. कल्याणने मोबाईल उघडून सुमैराचीच मेल तिला वाचून दाखवली, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. सगळी आळी ऐकत होती.

मग पोलिसांची गाडी आली. कल्याण उठला, हवालदारांना नमस्कार केला. बायकोला भेटाय आलो, त्यात गुन्हा काय, असं म्हणाला. त्यांनी त्याला जबाबासाठी चौकीवर यायला सांगितलं आणि तो निमूट निघाला. मालनबाईंनी हवालदारांना विचारलं, किती वेळ ठेवाल? तास-दीड तास, ते म्हणाले. त्यापुढे धरून ठेवण्यासारखं त्याने काही केलेलं नव्हतं.

जाताना कल्याण सुमैराच्या अगदी जवळून गेला. "गाव कळलं ना," एवढंच म्हणाला.

 तेवढ्यात सुमैराचा मोबाईल पुन्हा वाजला. मेल होती, पण या खेपेला फक्त तिच्या एकटीच्या नावावर. ती माझ्याकडे आहे. बाजारपेठेतल्या खताच्या दुकानामागचं घर. मागच्या दाराने या. खाली नाव नव्हतं, पण मेलचा पत्ता तिने ओळखला. तिनेच तो काढून दिला होता, वर्षापूर्वी, निकिता नावाच्या एका गप्प मुलीला. निकिता दोनदाच संस्थेत आली होती. बेलापूरची होती. दोघी एकाच गावात आहेत हे सुमैराला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने दोघींना एकमेकींबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मागचं दार एका अरुंद बोळात उघडत होतं. निकिताने त्यांना आत घेतलं आणि कडी लावली. पोत्यांच्या खोलीत, युरियाच्या थप्पीमागे, रुपाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. जिवंत. सुमैराने तिच्या डोक्याला, खांद्याला हात लावून बघितला आणि मग तिच्या पायाशीच बसून ओक्साबोक्शी रडली. रुपालीच तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घडलं ते निकिताने चार वाक्यांत सांगितलं. सकाळी मेल आली, एवढी नावं बघून तिची पाचावर धारण बसली. मग कल्याणचं उत्तर आलं, मग सुमैराची मेल. बेलापूर, मावशी. साळूबाईकडे पाच महिन्यांपासून आलेली एक पोरगी तिने नळावर पाहिली होती, जी उजव्या हाताने हंडा उचलायची नाही. निकिता तशीच चप्पल न घालता धावली. नळावरच तिला गाठलं, आपला मोबाईल तिच्यापुढे धरला, त्या यादीतलं आपलं नाव दाखवलं आणि म्हणाली, ही मी, चल. रुपालीने हंडा तिथेच सोडला.

मालनबाई घाई करायला लागल्या. तास-दीड तासातला पाव तास गेला होता. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांच्या ओळखीचं एक आधारगृह होतं, तिथे त्यांनी वाटेतूनच बोलून ठेवलं होतं. रुपालीला साडीवरून चादर गुंडाळून बोळातून गाडीत आडवं करायचं ठरलं. सुमैरा तिच्यासोबत निघाली, आणि दाराशी पोहोचल्यावर तिला जाणवलं की निकिता जागची हललेली नाही.

निकिता स्वयंपाकघराकडे बघत होती. तिथे तिची सासू पाटावर बसली होती, पाठ फिरवून, आणि कुणाशी बोलत नव्हती.

"त्यांनी हिला बघितलं," निकिता हळू आवाजात म्हणाली. "इचारलं कोन. सांगावं लागलं. मेल दाखवावी लागली. मोबाईल त्यांनी ठेवून घेतला, मघाशी दिला तवा तुमाला लिवलं. त्यांनी श्रीरामपूरला ह्यांना फोन केलाय. माल घ्यायला गेल्तेत, निघालेत म्हनं."

सुमैराने तिचा हात धरला आणि म्हणाली, तूही चल, गाडीत जागा आहे. निकिताने मान हलवली. तिची मुलगी शाळेत होती, पाच वाजता सुटायची. मुलीला सोडून ती कुठेही जाणार नव्हती, आणि शाळेतून मधेच मुलीला काढायचं तर सही तिच्या वडिलांची लागायची.

बाहेर रुपाली गाडीत आडवी झाली आणि मालनबाईंनी गाडी सुरू केली. सुमैरा दारात उभी राहिली, एक पाय बोळात, एक घरात.  अजिनाथला, निकिताच्या नवऱ्याला, तिने कधी पाहिलं नव्हतं. पण निकिताच्या केसची नोंद तिनेच टाइप केली होती आणि त्यातलं एकेक वाक्य तिला पाठ होतं. तिला मनापासून वाटत होतं, गाडीत बसावं, काच वर करावी आणि बेलापूर मागे पडेपर्यंत डोळे उघडू नयेत. तिने मालनबाईंना हाताने खूण केली, तुम्ही जा. मग दार आतून लावून घेतलं.

त्या दोघी पोत्यांच्या खोलीत बसल्या. सासू उठून पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. रस्त्यावरून एकेक मोटारसायकल जात होती आणि प्रत्येकीला निकिता कान द्यायची, नाही म्हणून मान हलवायची.   अजिनाथसमोर आपण काय करणार हे सुमैराला ठाऊक नव्हतं, एवढंच की तो आला तेव्हा या खोलीत एकाऐवजी दोघी असतील.

एक मोटारसायकल दारापुढे थांबली. निकिताने या वेळी मान हलवली नाही.

त्याच वेळी मोबाईल वाजला. पाथर्डीकडच्या एका बाईची मेल होती, यादीतल्याच, दोन ओळींची. माझ्या मालकानं मेल बघितली. आता मी काय करू?

सुमैरा त्या ओळींकडे बघत राहिली. बाहेर सासू काहीतरी सांगत होती आणि एक पुरुषी आवाज मध्येच विचारत होता. निकिताने सुमैराच्या खांद्यावरून वाकून मेल वाचली. 

"हिला आधी उत्तर द्या," ती म्हणाली. "पन हिला एकटीलाच."

सुमैराने वरचा पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि पावलं खोलीकडे येत असताना लिहायला लागली.